चौदा विळे आणि एक रोडगा

माझ्या धंद्यात नाराज गिऱ्हाईक हातात हत्यार घेऊनच येतं. त्यामुळे नम्रपणा मला कुणी शिकवावा लागला नाही. विळा, कुऱ्हाड, कोयता, वखराची पास म्हणजे त्याचं आडवं पातं, यांतलं काहीतरी आधी काउंटरवर आदळतं आणि मग बोलण्याला सुरुवात होते.

दिवाळी अंकासाठी कामाबद्दल लिहायचं ठरलं तेव्हा बायको म्हणाली, "त्याच्यात काय लिहिता? लोखंड तपवता, इझवता, अन पुन्हा तपवता. दोन वळीत संपते." तिचं खरं आहे. पण संसाराचंही दोन ओळींत सांगता येतं, म्हणून काही तो सोपा होत नाही.

उंद्रीत रस्त्याला लागून माझं दुकान आहे. त्याआधी बरीच वर्षं वाळूजला एका कारखान्याच्या उष्णोपचार विभागात काढली. 'उष्णोपचार' म्हटलं की पाव्हण्यांना वाटायचं मी लोकांच्या कंबरा शेकतो. एका आत्यानं तर लग्नाच्या मांडवात गुडघा पुढे केला होता. मग मी सोपं करून सांगायला लागलो: मी लोखंडाला पाणी देतो. त्यावर आमच्या मळ्यात वांगी पिकवणारे वडील म्हणायचे, "वांग्याले देलं असतं तं फळं तरी धरली असती."

आता थोडं समजावून सांगतो, पुढे लागणार आहे. लोखंड म्हणून आपण ज्याला सरसकट हाक मारतो त्यात बरीच भावंडं आहेत. गेटची पट्टी, बांधकामाची सळई हे साधं, मऊ पोलाद. बाजारात त्याला माइल्ड स्टील म्हणतात. स्वभाव सोशिक, वाकवाल तसं वाकतं. ट्रकखालचा कमानपाटा वेगळा, बेअरिंगची रिंग वेगळी, कानस आणखी वेगळी. फरक कार्बनचा. कोळशात असतो तोच कार्बन पोलादात चिमूटभर असतो, आणि त्या चिमटीवर सगळा स्वभाव ठरतो. तो पुरेसा असेल तर पोलाद लाल तापवून तेलात किंवा पाण्यात एकदम विझवलं की कडक होतं. यालाच पाणी देणं म्हणतात. कार्बन पुरेसा नसेल तर कितीही तापवा, कशातही बुडवा, बाहेर येतं तेव्हा ते फक्त ओलं झालेलं असतं.

हे मी बीबी गावाकडच्या एका काकांना तासभर सांगितलं होतं. स्लॅबमधून उरलेली जाड सळई घेऊन ते आले आणि म्हणाले, "याची कुऱ्हाड करून द्या."

"काका, याला धार टिकणार नाही. कमानपाट्याचा तुकडा आणा."

"धार पान्यावर असते. तुमच्या पान्यात दम नाई."

चार दिवसांनी ते पुन्हा आले. एका हातात तीच सळई, दुसऱ्या हातात कॅन. "लोणारच्या सरोवराचं पानी हाय," ते आवाज खाली आणून म्हणाले. "खारं. याच्यात बुडवा, पोलाद नाई झालं तं नाव बदलीन." ते पाणी कुणाला विचारून भरलं हे मी विचारलं नाही. काही गोष्टी माहीत नसलेल्या बऱ्या. सळईचं टोक लाल केलं आणि कॅनमधलं पाणी बादलीत ओतून त्यात विझवलं. दुकानभर असा वास सुटला की शेजारच्या चहावाल्यानं स्टो बंद केला. टोकावर कानस घासली तर ती लोण्यात शिरावी तशी शिरली. काकांनी टोक उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "पानी कमी पडलं."

खरी गंमत मी त्यांना सांगितली नाही. खारं पाणी साध्या पाण्यापेक्षा झपाट्यानं थंड करतं, म्हणजे काका अगदीच चुकत नव्हते. उरलेल्या पाण्यात मी कमानपाट्याचा एक तुकडा विझवून पाहिला. तो इतका कडक झाला की टण्णकन तडकला. हे कळलं असतं तर काका टँकर घेऊन आले असते.

तर नुसतं पाणी दिलेलं पोलाद असं असतं: कडक, पण काचेसारखं तडकणारं. म्हणून ते पुन्हा हलकं तापवायचं आणि चढलेला कडकपणा थोडा उतरवायचा. याला आम्ही उतरवणं म्हणतो. कितीतरी लोकांना ही लबाडी वाटते. शेगावचा एक नारळवाला होता. नारळ सोलायला जमिनीत रोवतात ते टोकदार पातं त्यानं माझ्याकडून बनवून घेतलं. मी ते उतरवायला ठेवलं तर त्यानं माझा हात धरला.

"हे काय करून राह्यले तुमी?"

"थोडं उतरवतो. नाहीतर तुटेल."

"म्हंजे चढवल्याचे पैसे मले सांगितले, अन आता उतरवून राह्यले? पुरं चढलेलंच पायजे मले. उतरवेल माल मी घेत नसतो."

माझाही स्वभाव काही उतरवलेला नाही. म्हटलं, घ्या पुरं चढलेलं. पहिल्याच नारळाला पात्याचं टोक तुटलं. टोक नारळातच राहिलं, नारळ परगावच्या एका भाविकाच्या पिशवीत गेला, आणि नारळवाल्यानं मला फोन करून विचारलं की आता तो नारळ शोधायचा कुठं. तेव्हापासून मी गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून उतरवणं टाळलेलं नाही.

आता किसन मिस्त्रींकडे येतो. मी दुकान टाकलं तेव्हा वाळूजची सवय म्हणून विजेची भट्टी घेतली. तिला मीटर आहे, आत किती अंश उष्णता आहे ते आकड्यात दिसतं. पण घडाईचं काम मला येत नव्हतं. मिस्त्री सत्तरीला टेकलेले, गावात पिढीजात लोहारकाम करणारे. त्यांचा कोळशाच्या भट्टीवरचा धंदा बसत चालला होता. मी म्हटलं, या माझ्याकडे, घडवा तुम्ही, पाणी देईन मी. ते आपली ऐरण आणि आपली कोळशाची भट्टी घेऊनच आले. वर म्हणाले, "तुह्या मीटरले ताप आला तं इलाज कोन करीन?"

मला ते 'इंजिनेर' म्हणायचे. मी इंजिनिअर नाही, आय.टी.आय. केलेला माणूस. पण ते असं म्हणायचे की तो शब्द शिवीसारखा वाटावा. पोलाद उतरवताना ते मीटर पाहत नसत, रंग पाहत. घासून चकचकीत केलेलं पातं हळूहळू तापलं की त्यावर रंग चढतात. आधी गव्हाच्या काडीचा पिवळा, मग बदामी, मग जांभळा, मग निळा. विळ्याला बदामी हवा. त्याच्याआधी काढला तर तडकतो, जांभळ्यावर गेला की धार टिकत नाही. बदामी रंग थांबतो किती? तुम्ही शिंकलात तर गेला.

मिस्त्रींचा एकही दात शिल्लक नव्हता, तरी कानामागे तुरीची वाळलेली काडी कायम खोचलेली असायची. दात नसलेला माणूस दात कोरायची काडी कशाला बाळगतो, हा प्रश्न मला बरेच दिवस पडलेला होता. वयाचा मान म्हणून विचारला नाही.

मागच्या वर्षी सोयाबीनच्या सोंगणीआधी, म्हणजे कापणीआधी, आमच्याकडे गोदामावशी आल्या. नाव बदललं आहे. त्यांच्या हातात आता माझेच विळे आहेत आणि ते चांगले धारदार आहेत. मावशी म्हणजे तेरा बायकांच्या टोळीची म्होरकी. सोयाबीनची शेतं ठरवून घ्यायची आणि बोललेल्या दिवसांत सोंगून मोकळी करायची, असा त्यांचा खाक्या. पण आता गावोगाव हार्वेस्टर फिरतो. त्या वर्षी रस्त्याकडेच्या एका मोठ्या शेताच्या मालकानं त्यांना साफ सांगितलं होतं, "मावशी, सोमवारपर्यंत झालं पाह्यजे. नाहीतर मशीन बोलावतो, अन पुढच्या वर्षीही मशीनच येईल." एका मालकानं मशीन बोलावलं की शेजारचे चौघे बोलावतात. म्हणून मावशींना चौदा नवे विळे हवे होते, तेरा बायकांचे आणि एक त्यांचा स्वतःचा.

"भास्करभाऊ, धार अशी पायजे का सोयाबीननं सोताहून मान खाली घातली पायजे," त्या म्हणाल्या. मी शब्द दिला.

आणि त्याच दिवशी डीपी जळाली. वीज कधी येईल ते वायरमनलाही ठाऊक नव्हतं आणि देवालाही नसावं. माझी भट्टी थंड. मिस्त्री आपल्या कोळशाकडे बोट दाखवून म्हणाले, "तू मीटर उशाले घेऊन झोप, इंजिनेर. मी करतो." त्यांनी एकट्यानं चौदा विळे घडवले, पाणी दिलं, उतरवले. मी नेमका चिखलीला वखराच्या पासांचं काम पोचवायला गेलो होतो. परत आलो तेव्हा मावशी विळे घेऊन गेल्याही होत्या.

दुसऱ्या दिवशी त्या रोडगे घेऊन आल्या. सोंगणीच्या आदल्या दिवशी शेतात रोडगे करायचे, वांग्याची भाजी करायची, नैवेद्य दाखवायचा आणि मग कामाला हात घालायचा, असा त्यांच्या टोळीचा नेम. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कणकेचा जाड गोळा गोवऱ्यांच्या विस्तवावर भाजायचा, त्याला रोडगा म्हणतात. आमच्याकडे नवस फेडायचा तर रोडग्यांनी फेडतात. मी दोन खाल्ले. खालून असे खमंग झाले होते की मी म्हटलं, "मावशी, ह्या वर्षी रोडगे करपले कसे नाहीत? अन ही खालची नक्षी कशी काढली?" प्रत्येक रोडग्याच्या पाठीवर चंद्रकोरीसारखा वाकडा पट्टा उठला होता. मावशी नुसत्या हसल्या. मिस्त्रींनी आपला रोडगा कागदात गुंडाळून मीटरच्या वरच्या फळीवर ठेवला. दात नाहीत, घरी वरणात भिजवून खाईन म्हणाले, आणि विसरून गेले.

त्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपार व्हायच्या आत, चौदा विळे एकदम काउंटरवर आदळले. मावशी आणि मागे पाच-सहा बायका, पदर खोचून.

"हे इळे हायेत का चमचे हायेत बे?" नेहमीचं 'भास्करभाऊ' गेलं होतं. "दोन तासांत बोथट झाले. सोयाबीन कापत नाई, उपटून येते. मालक बांधावर उभा राहून मशीनवाल्याले फोन लावून राह्यला. आमी आता काय हातानं उपटाव?"

मी कानस घेतली. कानस विळ्यावरून घसरली तर विळा कडक, शिरली तर मऊ. टोकाला लावली, शिरली. पोटाला लावली, शिरली. दुसरा विळा, तिसरा, चौदाच्या चौदा. मग ग्राइंडरला लावून ठिणग्या पाहिल्या. पोलाद चांगलं असेल तर ठिणगी पुढे जाऊन फुटते, साध्या लोखंडाची सरळ रेघ निघून विझते. ठिणग्या फुलबाजीसारख्या फुटल्या. म्हणजे माल खरा होता. मग चूक एकाच जागी उरली.

मिस्त्री ऐरणीपाशी उभे होते. मावशी तावात होत्या, बायका बघत होत्या, चहावाला कप हातात घेऊन दारात आला होता. माझा शब्द गेला होता आणि ज्याचा शब्द जातो तो पहिल्यांदा दुसऱ्याचा गळा शोधतो. मी म्हणालो, "मिस्त्री, जांभळ्यावर नाही, निळ्याच्याही पुढे नेलेत तुम्ही हे. तुमचे डोळे गेले आता. घरी बसा."

हे मी सगळ्यांपुढे म्हणालो. लिहिताना आजही लाज वाटते.

मिस्त्रींनी हातातली सांडशी ऐरणीवर ठेवली, कमरेला बांधलेलं कातडं सोडून नीट घडी घातली. दारातून जाताना एवढंच म्हणाले, "मुठीपाशी कानस लावून पाह्यली का बे?" आणि सायकल हातात धरून पायीच निघाले. हल्ली ते सायकलवर बसत नसत, नुसती सोबत न्यायचे. तेही माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मावशींना म्हटलं, संध्याकाळपर्यंत काहीतरी करतो. त्या म्हणाल्या, "काहीतरी नाई. इळे कर. मी अठंच बसतो." आणि सगळ्या बायका दुकानात बैठक मारून बसल्या. धरणं धरलेल्या माणसांपुढे जेवणाचा डबा उघडायची माझी छाती झाली नाही.

वीज सकाळीच आली होती. भट्टी लावली. ती तापेपर्यंत हात मोकळे होते, म्हणून सहज एका विळ्याला अगदी मुठीजवळ कानस लावली. कानस सर्रकन घसरली. पुन्हा लावली, पुन्हा घसरली. दुसरा विळा घेतला, तसंच. चौदाही विळे मुठीपाशी कडक आणि तिथून पुढे मऊ.

मिस्त्रींनी चूक केली असती तर अख्खं पातं मऊ असतं. म्हणजे त्यांनी सगळं नीट चढवलं होतं, बेतानं उतरवलं होतं आणि नंतर कुणीतरी मूठ सोडून बाकीचं पातं भाजलं होतं. पोलादाला कळत नाही की विस्तव लोहाराचा आहे की आणखी कुणाचा. तापलं की उतरतं.

"मावशी," मी विचारलं, "हे विळे विस्तवात पडले होते का?"

"इस्तवात कायले पडतीन बाप्पा! आमी काय येड्या हावो? नवेकोरे इळे. घासून, हळद-कुंकू लावून ठेवले व्हते."

बाई खोटं बोलणाऱ्यातली नव्हती. मी पेचात पडलो. पोटात कावळे ओरडत होते, डबा उघडायची सोय नव्हती. तेवढ्यात फळीवरची कागदाची पुडी दिसली. मिस्त्रींचा रोडगा. म्हटलं, ज्याला हाकललं त्याचाच रोडगा खाण्याइतके आपण खाली आलोच आहोत, तर खाऊन घेऊ. बायकांकडे पाठ केली, पुडी सोडली, तोंड उघडलं आणि दातापाशी आलेला तो रोडगा उलटा झाला.

पाठीवर चंद्रकोर.

मी विळा उचलला आणि त्या पट्ट्यावर ठेवला. पोटाचा बाक जुळला, पात्याची रुंदी जुळली. मिस्त्रींच्या बाजूचा पुरावा काल आम्ही सगळ्यांनी खाऊन टाकला होता. दोन तर मीच खाल्ले होते आणि वर नक्षीची तारीफ केली होती. एक वाचला तो केवळ मिस्त्रींना दात नव्हते म्हणून.

"मावशी, रोडगे कशावर भाजले?"

"इळ्याइवर," मावशी सहज म्हणाल्या. "दरसाली खालून करपतात. म्हटलं नवे इळे हायेत, सोच्छ हायेत, आरावर आडवे टाकले अन वर रोडगे मांडले. हत्याराले देवाचा इस्तोही लागला."

"मग मघाशी विस्तवात नव्हते म्हणालात?"

"इस्तवात कुठं? इस्तवावर व्हते!"

मग मी त्यांना सगळं सांगितलं. रोडगा शिजायला जितका वेळ लागतो तेवढ्यात विळ्याचं सगळं चढलेलं उतरून जातं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एकीनं हळूच रोडग्याला नमस्कार केला. मावशींनी तोंडाला पदर लावला, पण क्षणभरच. लगेच पदर काढून माझ्यावरच उलटल्या.

"म्हंजे मिस्त्रीचं काही चुकलं नोयतं?"

"नाही."

"मंग तू त्याले काऊन बोल्ला बे? आमच्याइले अक्कल नाई, आमी इळ्यावर रोडगे भाजले. तू तं शिकेल हायेस ना! मान्साले असं बोलते का कोनी? जाय, घेऊन ये त्याले."

चूक त्यांची होती आणि मान खाली मी घातली होती. पण त्यांचं बरोबर होतं. मोटारसायकल काढली आणि गेलो.

मिस्त्री ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. मी दहा पावलांवर जाऊन उभा राहिलो. ते माझ्याकडे पाहत होते, पण ओळख दाखवत नव्हते. म्हटलं, राग आहे, असणारच. तरी उभाच राहिलो. शेवटी ते म्हणाले, "कोन हाय?"

"मी, भास्कर."

"मंग बोलत काऊन नाई? चोरावानी उभा राह्यला."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. शेंगांच्या ढिगाकडे पाहिलं तर दाणे फोलपटात आणि फोलपटं दाण्यांत गेली होती. मी शेजारी बसलो, रोडग्याचं सगळं सांगितलं, चुकलो म्हटलं. ते हातातली शेंग खाली ठेवून म्हणाले, "तू खोटं नाई बोल्ला. बारीक रंग दिसत नाई मले. लाल झालेलं दिसते, पन पिवळा का बदामी ते नाई समजत. वरीस झालं. लोकाइपुढं बोल्ला, ते लागलं."

"मग चौदा विळे कसे केले?"

त्यांनी कानामागची तुरीची काडी काढून माझ्या हातात दिली. तिचं टोक करपलेलं होतं. वाळली काडी तापत्या पात्यावर टेकवायची, धूर किती निघतो, वास कसा येतो, त्यावरून बदामी ओळखायचा. वर्षभर ते माझ्या मीटरशेजारी उभं राहून वासावर विळे उतरवत होते आणि मला वाटत होतं काडी दातांसाठी आहे.

"चला," मी म्हणालो. "मावशी बसल्या आहेत. मालक मशीन बोलावतो आहे."

काडी परत घेऊन कानामागे खोचत ते म्हणाले, "येतो. पन बायाइपुढं काडी नाई घासत मी. आंधळ्याले काम देलं म्हन्तीन. उतरवताना तू बाजूले उभा राह्य अन रंग सांग. हळू."

दुकानात आल्यावर मी सगळ्यांपुढे, चहावाल्यालाही बोलावून, मिस्त्रींची माफी मागितली. ज्या जागी बोललो होतो त्याच जागी उभा राहून मागितली. ते फक्त म्हणाले, "घासपट्टी घे हातात, इंजिनेर. भाषन मंग कर." मुठी काढल्या. चौदाही विळे पुन्हा लाल केले, तेलात विझवले. पोलादाचा हा मोठेपणा आहे, त्याचं उतरलेलं पुन्हा चढवता येतं. माझी भट्टी उतरवण्याइतकी थंड व्हायला रात्र झाली असती, म्हणून जाड पत्रा कोळशावर तापवला आणि एकेक घासलेला विळा त्यावर ठेवायला सुरुवात केली.

मी कानस न्याहाळत असल्यासारखा त्यांच्या खांद्याशी उभा. ओठ न हलवता बोलायला मी त्या दिवशी शिकलो. "पिवळा... गडद पिवळा... बदामी." आणि मिस्त्री दुकान दणाणेल असे ओरडायचे, "काढ!" विळा सांडशीत धरून मी तेलात टाकायचो. मावशी शेजारणीला कोपरानं ढोसून म्हणाल्या, "म्हाताऱ्याची नजर पाह्य बाप्पा! अन हा म्हन्ते डोळे गेले."

"चुकलो म्हटलं ना मावशी," मी मोठ्यानं म्हणालो. "घारीची नजर आहे मिस्त्रींची."

सगळं नीट झालं हे आधीच सांगून टाकतो. ऊन उतरायच्या आत बायका शेतात परतल्या आणि सोमवारी दुपारी शेत मोकळं झालं. मशीनवाला पुढच्या गावाला गेला. मावशींना मी साध्या सळईची एक जाळी करून दिली, रोडग्यांसाठी. तिच्यात काही चढलेलंच नाही, त्यामुळे उतरायचीही भीती नाही. दुकानातल्या पाटीवर 'धारेची हमी' याच्या खाली 'रोडगे भाजल्यास हमी नाही' अशी ओळ वाढवली, आणि परगावचे लोक ती वाचून माझ्या डोक्याची चौकशी करतात. मिस्त्रींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन हिवाळ्यात झालं. पट्टी निघाल्यावर दुकानात येऊन माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "इतका म्हातारा कधी झाला बे तू?" हे सगळं लिहायची परवानगी त्यांनीच दिली.

पण मला सांगायचं आहे ते चौदाव्या विळ्याचं. तेरा झाले होते. बायका पदर खोचून उठल्या होत्या. मिस्त्रींनी शेवटचा विळा पत्र्यावर ठेवला. त्यांची मान माझ्याकडे थोडी कललेली होती, कान देऊन. पन्नास-पंचावन्न वर्षं पोलाद ओळखलेला माणूस माझ्या तोंडून एक शब्द ऐकण्यासाठी थांबला होता, ज्या तोंडानं मी सकाळी त्याला घरी बस म्हटलं होतं. मी पात्याकडे पाहत होतो. पिवळा आला तो दिसला. मग पातं हललं, पत्रा हलला, सगळंच पाण्यातून पाहावं तसं झालं. मला काही दिसेना. मी काहीच बोललो नाही.

मिस्त्रींनी क्षणभर वाट पाहिली. मग कानामागची काडी काढून कुणाला दिसणार नाही अशी पात्याला टेकवली, वास घेतला आणि ओरडले, "काढ!"

मी काढला. बदामी होता, अगदी नेमका.

विळा तेलात चर्र वाजत असताना ते माझ्या कानाशी वाकले आणि हळूच म्हणाले, "तुहे डोळे गेले का बे, इंजिनेर?"